ब्याऐंशी मायक्रॉन

ऑक्टोबरात घेतली गाडी. काळी, नऊ वर्षांची.
आधीचा मालक एकच, असं विकणारा दोनदा म्हणाला.
प्रेस्टनच्या ढगांखाली ती इतकी नितळ दिसायची
की तिच्या दारात बघून मी टिकली सरळ करायचे.
सहा महिने ऊन नव्हतं.
सहा महिने सगळं ठीक होतं.

मग एप्रिलात, एका मंगळवारी,
रात्रपाळीहून परतले तर लख्ख पडलेलं,
आणि बॉनेटभर कोळिष्टकं.
पुसायला गेले. हाताला काहीच लागेना.
मी सरकले की तीही सरकायची,
सूर्य मधे धरून
केसाहून बारीक, हजार वर्तुळं.

जयवंत चहाचा कप घेऊन दारात आला.
"चालते ना? मग?"

शेजारच्या एन्टविसलनी कुंपणावरून पाहिलं,
चष्मा कपाळावर चढवला,
आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. गाडीसाठी.
"घाईत मशीन फिरवलंय. विकायच्या आदल्या दिवशी.
मळका पॅड, जड हात."
चौतीस वर्षं लेलँडला, ट्रकच्या रंगखात्यात.
लेलँड! मी म्हणाले, हे नाव आमच्या एसटीच्या नाकावर असायचं,
मिरजेच्या स्टँडवर त्यावरूनच मी इंग्रजी अक्षरं जुळवली.
ते हसले नाहीत. विचारलं, "रंग कसा बसला होता?"
लाल होता, मी म्हणाले. धुळीखाली.

शनिवारी दोन बादल्या: एक साबणाची, एक खळबळायची.
मग मातीची वडी, पाणी मारत मारत,
कणकेच्या गोळ्याला ओट्यावरचं चिकटावं
तशी तिला चिकटून आली हिवाळ्याची काजळी.
रबराच्या कडांना निळी टेप.
खिशातून त्यांनी एक छोटं यंत्र काढलं
आणि पत्र्याला टेकवत निघाले.
एकशे बारा. एकशे नऊ. एकशे चार.
डाव्या दाराशी ब्याऐंशी.
तिथे ते थांबले.
मी रोज लोकांचे एक्स-रे काढते.
आकड्याकडे बघून असं गप्प होणं मला ओळखू येतं.

"इथे हात लावायचा नाही.
इथे कुणीतरी आधीच खूप घासलंय."

मला वाटायचं, चरा भरायचा असतो.
चरा भरत नाही.
त्याच्या आजूबाजूचं सगळं
झिजवत झिजवत त्याच्या तळाला आणायचं,
मग उजेड अडखळत नाही, इतकंच.
दर वेळी थोडी गाडी जाते.

पॉलिश वाटाण्याएवढं, चार ठिपके.
मशीन आडवं, मग उभं, गोगलगाईच्या चालीनं.
"दाबू नका. त्याचं वजन त्याला पुरे."
एक वीत झाली की पुसायचं, दिवा धरायचा, वाकायचं.
बॉनेटलाच जेवणाची वेळ टळली.

अप्पा सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसायचे.
हुं करून वाफ, दोन गोल, परत नाकावर.
शेवटी शेवटी म्हणायचे, दिव्यांना कडी दिसतात गं.
आम्ही डोळे तपासले. साखर तपासली.
काच कुणी उन्हात धरली नाही.

संध्याकाळपर्यंत ते दार सोडून सगळी झाली.
एन्टविसलनी पैसे घेतले नाहीत.
चकल्यांचा डबा घेतला,
एक उचलून दिव्यापाशी फिरवून पाहिली,
आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले.

तोवर आभाळ भरून आलं होतं.
कळेना काही, कालचं ना आजचं.

रात्री अकराला मोबाइलचा टॉर्च घेऊन
गाउनवर स्वेटर चढवून बाहेर गेले.
बॉनेटवर एकच ठिपका, विहिरीत पडावा तसा खोल.
मग डाव्या दाराशी वाकले.
होती. सगळीच्या सगळी, जागच्या जागी.

पलीकडे, वरच्या मजल्यावर, पडदा हलला.
मी टॉर्च विझवला,
आणि दारावर नुसता तळवा ठेवून
थोडा वेळ तशीच उभी राहिले.
गार होतं. गुळगुळीत.